न पाहिलेलं ऊन

मी एका घरातलं ऊन न पाहताच पाहिलं म्हणून सांगितलं. खोटं तेवढंच होतं, फोनवरची दोन-तीन वाक्यं. घर मला घ्यायचं नव्हतं, आणि बोललो तेव्हा ते खोटं वाटलंही नाही. एक काम हातावेगळं झालं असं वाटलं. पण ज्या माणसाने माझ्या त्या वाक्यांवर घर घेतलं, तो कुणाच्या शब्दावर साधी कोथिंबिरीची जुडी घेत नसे. म्हणून आधी तो माणूस कसा होता ते सांगायला हवं.

ते हवाई दलातून वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले आणि चंदीगडच्या आयटी पार्कात, आमच्या कंपनीत, इमारतीची व्यवस्था पाहू लागले. लिफ्ट, जनरेटर, पाणी, पहारेकरी, सगळं त्यांच्या ताब्यात. ऑफिसात सगळे त्यांना 'वॉरंट साब' म्हणत. मी काका म्हणायचो. पहिल्याच आठवड्यात जेवणाच्या टेबलावर माझ्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी पाहून ते थांबले होते.

"कुठले?"

"सांगलीकडचा."

"आम्ही नागपूर," ते म्हणाले, आणि न विचारता चटणीत पोळी बुडवली. ओळख झाली ती एवढीच.

सगळी नोकरी त्यांनी सरकारी क्वार्टरमध्ये काढली होती. राजस्थान, आसाम, बेंगळुरू, शेवटी चंदीगड. प्रत्येक घर मिळालं तसं परत करायचं, नळाच्या तोट्यांसकट. काकू एकदा मला म्हणाल्या, "आम्ही घरात राहिलोच नाही रे. आम्ही घरं सांभाळली." निवृत्तीनंतर मनीमाजऱ्यात भाड्याच्या जागेत राहून ते स्वतःचं घर शोधत होते. काकूंना नागपूरला परतायचं होतं. पण त्यांच्या सांध्यांचे डॉक्टर इथे होते, औषधही इथेच लागू पडलं होतं, आणि काकांचं एक जादा कारण होतं. "नागपूरला सगळे आपले आहेत," ते म्हणायचे. "सगळे सल्ला देतील. मग घर कोण पाहील?"

घर पाहणं हे त्यांचं एक शास्त्र होतं. दर रविवारी ते मला सोबत न्यायचे, कारण मलाही त्या वर्षी घर घ्यायचंच होतं आणि त्यांच्या मते मला घर पाहता येत नव्हतं. ते पुढच्या दाराने कधी शिरायचे नाहीत. आधी मागच्या गल्लीत जायचे, कचरा कुठे टाकतात ते पाहायचे, शेजारच्या कुत्र्याशी बोलायचे. मग आत यायचे आणि सोबत आणलेलं कॅनव्हासचं घडीचं स्टूल उघडून प्रत्येक खोलीत बसायचे. नुसते बसायचे. एजंट हातातल्या किल्ल्या वाजवत उभा.

"घर उभ्याने दिसत नाही," ते मला सांगायचे. "उभ्याने फक्त टाइल्स दिसतात."

एकदा एक तरुण एजंट कंटाळून म्हणाला, "अंकलजी, घर लेना है या इसमें तपस्या करनी है?"

"पहले तपस्या," काका शांतपणे म्हणाले, "फिर घर."

विकणाऱ्याकडचा चहा ते घेत नसत. चहा घेतला की घरातला दोष तोंडावर सांगायला जड जातं, असं त्यांचं म्हणणं. स्वतःचा थर्मास आणायचे आणि मालकालाच त्यातला चहा द्यायचे. किंमत शेवटी विचारायचे. पहिला प्रश्न ठरलेला: "आप क्यों जा रहे हो?" त्याचं उत्तर मिळेपर्यंत पुढे सरकायचे नाहीत.

सगळ्यात विचित्र प्रकार त्यानंतरचा. काकू वॉकर घेऊन चालायच्या, कमरेत वाकून, डावा पाय ओढत. काका प्रत्येक घरात तसे चालून पाहायचे. पलंग जिथे येईल तिथून निघायचे, हात हवेत वॉकर धरल्यासारखे, पाय ओढत न्हाणीघरापर्यंत जायचे, उंबऱ्यापाशी अडखळायचे, थांबायचे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मालकीणबाई घाबरून पाणी घेऊन आल्या होत्या. "अंकलजी की तबीयत ठीक है?" काकांनी पाणी घेतलं, सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "जी, मैं ठीक हूँ. मेरी वाइफ यहाँ गिरेगी." आणि नमस्कार करून निघाले.

बाहेर आल्यावर मी हसलो. ते हसले नाहीत. "हसून काय राहिला? तिच्या पायांनी कोण पाहील मग?"

कसलं घर घ्यायचं यावर त्यांचा निर्णय व्हायला वर्ष गेलं. उत्तरेकडच्या सेक्टरांतल्या कोठ्या, म्हणजे बंगले, आम्ही फाटकाबाहेरूनच पाहायचो. "याच्यात आपल्या पेन्शनीत गॅरेज येईल," ते म्हणायचे. मुल्लानपूरला नवी वसाहत उभी राहत होती, गव्हाच्या शेतांत मधूनच मनोरे. तिथे मी त्यांना मोठ्या हौसेने घेऊन गेलो. विक्री कार्यालयातलं रंगीत पत्रक त्यांनी चष्मा लावून पाहिलं. "हा झाडाखाली पुस्तक वाचणारा म्हातारा मोहालीच्या पत्रकातही होता," म्हणाले. "त्याला एक तरी घर मिळालं का विचार." वरच्या मजल्यांवर ऊन भरपूर, वाराही. पण त्यांनी एका वाक्यात मोडीत काढलं: "लिफ्टा माझ्या हाताखाली आहेत. लिफ्ट म्हणजे काय ते मला नको सांगू. बंद पडली की ऊन वर आणि ही खाली."

हे ऊन म्हणजे काकूंचं. थंडीत त्यांचे सांधे आखडायचे. चंदीगडची थंडी दाट धुक्याची, आणि धुकं उठलं की दुपारचं जे दोन-तीन तास ऊन पडतं त्यावर अख्खं शहर जगतं. बागांतून माणसं चटया टाकून बसतात, मुळा नि गाजर चिरत, शेंगा सोलत. काकू म्हणायच्या, "नागपुरात जन्मभर उन्हापासून पळालो. इथे त्याच्या मागे पळून राहिलो." आणि काकांच्या शोधाबद्दल विचारलं की म्हणायच्या, "मला घर कसंही चालेल. पण हे पोरगी पाहिल्यासारखं एकेक घर चार-चारदा पाहतात, आणि नकार कळवतात."

शेवटी ठरलं ते असं: तळमजला, मागे अंगण, दार ओलांडलं की खुर्ची, आणि खुर्चीवर हिवाळ्यात ऊन. बाकी काही नसलं तरी चालेल.

तसा फ्लॅट दक्षिणेकडच्या एका सेक्टरात मिळाला. हाउसिंग बोर्डाची जुनी तीन मजली वसाहत, मालक मुलीकडे दिल्लीला चाललेले वृद्ध गृहस्थ. काकांनी तो मे महिन्यात पाहिला, पावसात पाहिला, ऑक्टोबरात काकूंना घेऊन पाहिला. अंगणात तेव्हा छान ऊन होतं. काकूंनी मालकांच्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून पायातले मोजे काढले. काका माझ्या कानाशी आले. "मोजे काढले तिने. पसंत आहे."

"मग द्या ना विसार."

"ऑक्टोबरचं ऊन खरं नाही. सूर्य अजून वर आहे. डिसेंबरात तो अंगणासमोरच्या त्या इमारतींच्या ओळीमागून चालतो. डिसेंबर पाहू दे."

"हिशेब करता येतो काका, उंची आणि कोन—"

"हिशेबाने हवाई जहाज उडवतात. बायको उन्हात बसवायची तर पाहावं लागते."

मालकांकडे दुसरं गिऱ्हाईक होतं. तरी ते डिसेंबर संपेपर्यंत थांबायला तयार झाले, बहुधा थर्मासमधल्या चहामुळे. आणि डिसेंबर लागला तोच नागपूरहून फोन आला, काकांच्या थोरल्या भावाला दवाखान्यात ठेवलंय. दोघंही निघाले. जाताना काका माझ्या घरी आले, स्टूल माझ्या हातात दिलं.

"एक काम कर. धुकं असेल त्या दिवशी जाऊ नको, धुक्यात सगळी घरं सारखी. स्वच्छ दिवस पाहून अकराला जा, दोनपर्यंत बस. फोटो नको पाठवू, फोटोत ऊन कळत नाही. तू पाहा आणि तू सांग. दुसऱ्याच्या डोळ्यांनी घर पाहू नये, हा माझा नियम. पण तू वर्षभर माझ्यासोबत फिरला आहेस."

त्या आठवड्यात रोज धुकं होतं. शनिवारी आकाश लख्ख उघडलं. आणि त्याच शनिवारी मुल्लानपूरच्या विक्री कार्यालयातून फोन आला की नवव्या मजल्यावरचा एक तयार फ्लॅट कुणीतरी सोडलाय, आज येत असाल तर तुमचा. मी बायकोला आणि मुलीला गाडीत घातलं. काकांचं स्टूल डिकीत होतं. जाताना दक्षिणेच्या सेक्टरात उतरू, असं मी मनाशी म्हटलंही होतं. पण कागद, सह्या, पुन्हा एकदा वर जाऊन पाहणं. मुलगी बाल्कनीत उड्या मारत म्हणाली, "पापा, ये वाला पक्का ना?" पक्का, मी म्हणालो. बाहेर पडलो तेव्हा ऊन कलून गेलं होतं.

संध्याकाळी काकांचा फोन आला. मागे दवाखान्याची गडबड ऐकू येत होती.

"गेला होतास?"

"हो काका."

"ऊन?"

"छान आहे."

"किती वाजेपर्यंत?"

"दोनला मी उठलो तेव्हाही होतं."

 मग फोन तोंडापासून लांब नेऊन म्हणालेले मला ऐकू आले: "ऐकलं का? ऊन आहे म्हणतो."

मी ऑक्टोबरात पाहिलेलं ऊनच सांगत होतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. रविवारी जाऊन बघून यावं, काही कमीजास्त असलं तर फोन करावा, असंही ठरवलं. रविवारी उठलो तर खिडकीबाहेर दाट धुकं. मला बरं वाटलं, हे मला आज लिहायला हवं. सोमवारी काकांनी नागपूरहून विसार पाठवला होता.

मार्चमध्ये ते राहायला गेले. उन्हाळाभर, पावसाळाभर सगळं उत्तम चाललं होतं. काकांनी अंगणात कढीपत्ता लावला, आपल्या हाताने न्हाणीघराचा उंबरा काढून टाकला. मला वाटू लागलं, माझं बोलणं खरंच असेल.

पुढचा डिसेंबर आला. एक दिवस जेवणाच्या टेबलावर काका म्हणाले, "ऊन खाली उतरत नाही रे यंदा."

यंदा. मी डबा बंद केला.

मी पाहायला गेलो. भर दुपारी वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या रजया उन्हात फुलल्या होत्या आणि खाली अंगणात फरशी ओली गार. समोरच्या ओळीची सावली थेट दारापर्यंत यायची. काकू आत हीटरपाशी, गुडघ्यांवर घोंगडी घेऊन. "ये," म्हणाल्या. "यंदा सूर्य रुसला आहे आमच्यावर."

त्यानंतर काका रोज दुपारी ऑफिसातून निघायचे. स्कूटरवरून शहराच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे. काकूंना वॉकरवर फाटकाबाहेर काढायचं, पुढचा रस्ता ओलांडून बागेत न्यायचं, एका हातात खुर्ची. तासभर बसवायचं, परत आणायचं, परत ऑफिस. ते हेल्मेट घालून लिफ्टपाशी उभे असायचे आणि कुणी विचारलं, कुठे, तर म्हणायचे, "धूप लेने." लोक हसायचे. मी त्या वेळी जिन्याने उतरायला लागलो. एकदा रस्त्याच्या कडेला काकूंचा वॉकर कलंडला, त्या गुडघ्यावर आल्या. लागलं फारसं नाही, पण नंतर बागेत जायचं म्हटलं की त्या नको म्हणू लागल्या.

आमच्या नवव्या मजल्यावर इतकं ऊन यायचं की सोफ्याचा रंग उडतो म्हणून बायकोने जाड पडदे शिवून घेतले. ते मीच शिडीवर चढून लावले. तरी मी बोललो नाही. बोलून ऊन थोडंच येणार आहे, असं मी स्वतःला सांगत होतो.

पण काका स्वस्थ बसणारे नव्हते. कारण सापडल्याशिवाय ते लिफ्टसुद्धा चालू करत नसत. समोरच्या ओळीत वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका राहायच्या, त्यांच्या गच्चीवर पत्र्याची शेड होती. त्यांची मुलगी तिथे शिकवण्या घ्यायची, त्यावर दोघींचं चालायचं. काकांनी ठरवलं की ही शेडच आडवी आली.

"गेल्या वर्षी ती नव्हती," ते मला म्हणाले.

"ऑक्टोबरात असेल की काका."

"मला वाटते सांगाडा होता. मी नीट पाहिलं असतं तर पत्रेही दिसले असते, असं वाटते कधीकधी. पण पत्रे नसतील. तू दोनपर्यंत उन्हात बसला होतास न? मग नव्हतेच."

घराचा कोपरा न् कोपरा डोळ्यांत साठवणारा हा माणूस माझ्या शब्दाशी जुळावं म्हणून स्वतःची आठवण दुरुस्त करत होता. त्यांनी बोर्डाकडे तक्रार लिहून ठेवली होती. साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मी सोमवारी करतो म्हणालो, मग पुढच्या सोमवारी. शेवटी एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला. "आज ये. तक्रार देण्याआधी बाईंच्या तोंडावर सांगायचं आहे. पाठीमागून नाही करायची."

आम्ही दोघं तो जिना चढलो. काकांच्या खिशात कागद. बाईंनी दार उघडलं, सवयीने चहाचं विचारलं. काकांनी हात जोडून नको म्हटलं. वरून गच्चीवरून मुलांचा पाढे म्हणण्याचा आवाज येत होता.

"बहनजी, आपकी शेड से हमारी धूप रुक गई है. इसी साल पत्रे डाले हैं आपने."

"इस साल?" त्या गोंधळल्या. "भाई साहब, ये तो मेरी रिटायरमेंट से पहले की है. पूरे ब्लॉक से पूछ लो."

"पिछले दिसंबर में मेरा आदमी नीचे दो बजे तक धूप में बैठा था. मैं झूठी शिकायत नहीं करता." ते माझ्याकडे वळले. मराठीत म्हणाले, "सांग रे त्यांना."

बाईंचा चेहरा उतरला होता. शेड पाडायला लागली तर काय, ते त्यांच्या मनात आलंच असणार. त्यांनी दाराची चौकट धरली होती. मी काकांकडे न पाहता त्यांनाच म्हणालो, "आंटीजी, शेड पुरानी है. आप सच कह रही हैं. मैं उस दिन आया ही नहीं था."

मग काकांना मराठीत तेच सांगितलं. एक वाक्य सांगायला मला दोनदा सुरुवात करावी लागली.

"आलाच नव्हता?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"एकही दिवस?"

"एकही."

 मग त्यांनी खिशातला कागद काढला, चार तुकडे केले, तुकडे परत खिशात घातले, कारण दुसऱ्याच्या जिन्यावर कचरा टाकायचा नसतो. बाईंपुढे पुन्हा हात जोडले. "बहनजी, गलती मेरी है. दिसंबर में घर मैंने खुद नहीं देखा था. माफ कीजिए." बाईंनी चहा पुन्हा विचारला. या वेळी काका हो म्हणाले आणि आत गेले. मी मागोमाग निघालो तर त्यांनी मला हाताने थांबवलं.

"माझ्याशी आत्ता नको बोलू," ते म्हणाले. "ऊन माझं नव्हतं. जिचं होतं ती खाली बसली आहे."

मी खाली उतरलो, गल्ली ओलांडली, अंगणातून आत गेलो. काकू हीटरपाशी होत्या.

"झालं का भांडण?" त्यांनी विचारलं. "यांचा आवाज तर आला नाही."

"नाही झालं." मी त्यांच्या खुर्चीशेजारी खाली बसलो. "काकू, शेड जुनीच आहे. मी गेल्या वर्षी इथे ऊन बघायला आलोच नव्हतो. आलो म्हणून काकांना फोनवर खोटं सांगितलं."

त्यांनी घोंगडी नीट केली. रागावल्या आहेत की नाही ते कळेना.

"मग होतास कुठे त्या दिवशी?"

"मुल्लानपूरला. आमचा फ्लॅट घेत होतो."

"तिथे येते का ऊन?"

इथेही काहीतरी कमी करून सांगता आलं असतं.

"येतं काकू. दिवसभर असतं," मी म्हणालो. "माझं मी पाहून घेतलं, तुमचं पाहिलं नाही, आणि पाहिलं म्हणून सांगितलं. मला माफ करा."